आत्याबंदी

"आत्या येतायत. उद्या सकाळी," फोन खाली ठेवत बायको म्हणाली आणि चिरंजीवांच्या हातातली उशी गळून पडली.

चिरंजीवांनी चाळिशी ओलांडली होती, डोक्यावर टक्कलही उगवू लागलं होतं. पण वडील अजून 'आमचे चिरंजीव' म्हणत, म्हणून सगळी इमारत तेच म्हणे. वर्षभर साहेबांच्या विनवण्या करून त्यांनी आठवड्याची रजा मिळवली होती, आणि ती फक्त झोपून काढायची होती. आत्या मागच्या खेपेला 'दोन दिवसांसाठी' आली ती महिना उलटला तरी हलली नव्हती. तिने स्वयंपाकघरातले सगळे डबे आपल्या मनासारखे लावले होते आणि रोज पहाटे भाच्याचं पांघरूण ओढलं होतं.

"किती दिवस राहणार, विचारायचंस तरी!"

"विचारायच्या आत ठेवला फोन त्यांनी."

सकाळी शर्ट काढायला चिरंजीवांनी कपाट उघडलं आणि त्यांना मार्ग दिसला. वडील, म्हणजे अण्णा, निवृत्त आरोग्य निरीक्षक. नोकरीतले उरलेले छापील कागद त्यांनी जपून घरी आणले होते आणि सुनेने ते तितकेच जपून कपाटाच्या फळ्यांवर अंथरले होते. शर्टाखाली एक लालभडक नोटीस होती. 'सावधान! या घरात संसर्गजन्य रोग आहे. आत जाण्यास मनाई.' खाली बारीक अक्षरात आणखी बरंच काही होतं, पण ते वाचायला सवड कुणाला होती?

"अहो, अण्णांना कळलं तर?"

"ते फिरायला गेलेत. आत्या येईल, वाचेल, आल्या पावली परत जाईल. अण्णा यायच्या आत मी कागद काढतो."

अण्णांना मात्र नेमकं त्याच दिवशी चप्पल चावली आणि ते अर्ध्या वाटेवरून परतले. दारावरची नोटीस बघून ते चटकन दोन पायऱ्या खाली उतरले. निवृत्तीनंतर इतकं तेज त्यांच्या चेहऱ्यावर कुणी पाहिलं नव्हतं.

"कुणाला काय झालंय? आणि ही काय पद्धत? रोगाचं नाव नाही, तारीख नाही!"

"काही नाही अण्णा, चुकून लागलीय," म्हणत चिरंजीवांनी कागदाला हात घातला.

"खबरदार! अधिकाऱ्याशिवाय नोटीस काढणं हा गुन्हा आहे."

"आणि... एखाद्याने आपली आपण लावली तर?"

"खोटी नोटीस? त्याला मी स्वतः पकडून दिला असता. मुलगा असता तरी!"

चिरंजीवांनी कागदावरचा हात काढला आणि आतून दार लोटून घेतलं. अण्णांनी जिन्यातूनच जुन्या कचेरीत फोन लावला. तो खणखणीत आवाज ऐकून वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई गुळण्या करायला धावल्या. दूधवाल्याने पिशवी लांबूनच भिरकावली, ती फुटली, दूध जिन्यावरून वाहिलं आणि खालच्या वकिलांना ते निर्जंतुक करायचं औषध वाटलं. त्यांनी आपल्या उंबऱ्यापुढेही थोडं शिंपडून मागितलं.

एवढ्यात हातात पिशवी घेऊन आत्या जिना चढून आली. तिने नोटीस वाचली. चिरंजीव आतून दाराच्या फटीला डोळा लावून होते.

"लेकरं आजारी आणि मी माघारी जाऊ?" आत्या कडाडली. "माझे सगळे रोग लहानपणीच उरकलेत. सरक रे अण्णा!" आणि दार ढकलून ती आत शिरलीसुद्धा.

तिच्या मागोमाग आरोग्य खात्याच्या डॉक्टरीणबाई आल्या. "रुग्ण कोण?"

सगळ्यांनी चिरंजीवांकडे पाहिलं. घाबरलं की त्यांच्या अंगावर पित्त उठायचं. गळ्यापासून कपाळापर्यंत त्यांना लालबुंद चट्टे आले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"पुरळ आहे खरं," बाई गंभीर झाल्या. "गोवर असू शकतो. रक्ताचा नमुना घेते. तपासणीचा अहवाल येईपर्यंत घरातून कुणी बाहेर पडायचं नाही."

"बाहेर?" चिरंजीव किंचाळले. "बंदी तर आत यायला आहे ना?"

"आणि बाहेर जायलाही. खाली बारीक अक्षरात आहे," अण्णा जिन्यातून अभिमानाने म्हणाले. "मीच घालायला लावलं होतं ते."

"साहेब, सकाळपर्यंत तुम्हीही आतच होतात ना? चला," बाई त्यांना म्हणाल्या.

अण्णा ताठ मानेने आत गेले. कायदा इतका चोख पाळला जाताना पाहून त्यांचे डोळे भरून आले होते.

"म्हणजे मी पण अडकले?" आत्या पिशवी घेऊन उठली. "अहो बाई, दुपारी माझी गाडी आहे! मैत्रिणींबरोबर आठवडाभर सहलीला निघालेय मी. इथे घटकाभरच टेकणार होते."

"घटकाभर?" चिरंजीव खुर्चीत कोसळले.

"नाहीतर काय! सूनबाई परवा म्हणाली, तुला रजा मिळालीय, झोपायचंय. इथे अण्णा आणि त्यांचे कायदे, कसली झोप लागणार तुला? म्हटलं, माझं घर रिकामंच आहे, दोघं जाऊन निवांत लोळा." तिने कमरेची किल्ली काढून दाखवली आणि सुस्कारा टाकून पुन्हा खोचली. "जाऊ दे. नशीबच नाही तुझं."

रक्ताचा नमुना घेऊन बाई गेल्या आणि तेवढ्यात चिरंजीवांचं पित्त उतरू लागलं. बाईंना हाक मारायला ते खिडकीकडे धावले. पण बाईंची गाडी कोपऱ्यावर वळलीही होती.

आत स्वयंपाकघरात एकेक डबा फळीवरून खाली उतरत होता.

"आणि चिरंजीव," आत्याचा आवाज आला, "आज लवकर झोप हो. पहाटे उठवणार आहे मी."