सहाव्या बोटाची अस्सलता

अस्सल तंजावूर चित्रांच्या तपासणीत कमलाक्षीबाईंचा बाळकृष्ण नक्कल म्हणून बाद झाला. असे काही घडलेच नाही, असे समितीने दोनदा लेखी कळवले आहे. तेव्हा आपणही तसेच धरून चालू.

कला अस्सल असावी, याबद्दल दुमत नाही. विशेषतः १९९४ पासून, म्हणजे अमेरिकेतून मागणी येऊ लागल्यापासून. म्हणून समिती नेमली गेली आणि समितीने शिक्का केला. शिक्क्याशिवाय चित्र दुकानात ठेवत नाहीत (दुकान समितीच्या सचिवांचेच, हा निव्वळ योगायोग).

अस्सलतेचा नमुना म्हणून गावात सर्वांत जास्त आढळणारा बाळकृष्ण निवडला गेला: गुबगुबीत, हातात लोणी, उजव्या पायाला सहा बोटे. पाहणीत १४० पैकी १३९ कृष्णांना सहा बोटे निघाली आणि परंपरा सिद्ध झाली. (उरलेल्याचा पाय पीतांबराखाली होता.)

असा पहिला कृष्ण वीस वर्षांपूर्वी कमलाक्षीबाईंनीच काढला, पाळण्यातल्या आपल्या रघुरामला बघून. रघुरामला सहा बोटे आहेत. गावातल्या बाकीच्या चित्रकारांनी तो ट्रेसिंग पेपरवर उतरवला. कागद हातोहात फिरताना सहावे बोट, मुळात वाकडे, सरळ झाले. यंदा बाईंनी तोच कृष्ण पुन्हा काढला, वाकड्या बोटासकट.

"जुळत नाही, अक्का," सचिव अनिरुद्धराव म्हणाले. "बोट वाकडं आलंय. नक्कल करायची तर नीट करावी."

"अय्यो, नमुना माझाच की! रघु, चप्पल काढ रे."

तालुका कचेरीतून अर्धी रजा काढून आलेल्या रघुरामने टेबलावर पाय ठेवला. अनिरुद्धरावांनी पट्टी लावून बराच वेळ मोजला.

"हा पायसुद्धा नमुन्याप्रमाणे नाही. कुणाचं काम?"

"माझंच."

"बघा. दोन्हीकडे तीच चूक. सवयच आहे तुम्हाला."

इतिवृत्तात नोंद झाली: 'मुलगा, निकृष्ट प्रत.' शिक्का मिळाला नाही. हल्ली बाई अनिरुद्धरावांच्या दुकानात बसून इतरांच्या कृष्णांची सहावी बोटे सरळ रंगवून देतात. काम चोख आहे, असे समितीचे मत पडले.

तरी ज्या वाचकांनी तंजावूरहून शिक्क्याचा कृष्ण आणून सोफ्याच्या वर टांगला आहे आणि पाहुण्यांना 'ओरिजिनल आहे' असे सांगितले आहे, त्यांनी त्याच्या उजव्या पायाची बोटे मोजावीत. सहा भरल्यास जादाचे बोट, सोन्याच्या वर्खाला धक्का न लावता, अलगद सोडवून, पूर्ववत वाकडे करून, मूळ मालक रघुराम, राजवाड्यामागची गल्ली, या पत्त्यावर पंधरा दिवसांत परत करावे, ही विनंती.