दीडशे किलोमीटर, हळूच

सबुरीत माझा हात धरणारा अजून जन्मायचाय! म्हणून साहेबांच्या लाल स्पोर्ट्‌स कारला नवे भारी टायर बसताच मी पुढे सरसावलो. "साहेब, रुळवून मी देतो!" उपव्यवस्थापकाची जागा रिकामी होती. अशा वेळी मी साहेबांच्या चपलाही रुळवून दिल्या असत्या.

टायरवाल्याने बजावलं, "नवं रबर निसरडं असतं. दीडशे किलोमीटर लाडानं चालवा. पळवायचं नाही, कचकन ब्रेक तर मुळीच नाही!"

साहेबांच्या वसाहतीभोवती दोन किलोमीटरचा गोल रस्ता आहे. साहेब ऑफिसात, मी त्यांच्या गाडीत, काळ्या काचा वर, वेग तीस! शर्यतीचा घोडा बाळंतिणीच्या पावलांनी निघाला. एक सायकलवाला आम्हाला मागे टाकताना चक्क हळहळला.

त्या रस्त्यावर बायकांचा नृत्यवर्ग होता, भिंतभर काचेचा. माझं लक्ष किलोमीटरच्या आकड्यावर. त्यांचं मात्र गाडीवर! तिथून साहेबांच्या घरी फोन गेला, "अगं, तुझे हे सकाळपासून सत्तर वेळा गेले! आणि किती सावकाश!"

चौऱ्याहत्तराव्या फेरीला मॅडम रस्त्याच्या मधोमध उभ्या. मॅडम की टायर? खोटं कशाला बोलू, क्षणभर मी विचार केला. मग ब्रेकवर उभाच राहिलो! गाडी घसरत घसरत मॅडमच्या गुडघ्यापाशी थांबली.

"काच खाली घ्या! या वयात शोभतं का?"

मी काच खाली घेतली.

"तुम्ही कोण?"

"हिशेब विभाग, मॅडम."

"म्हणजे यांनी आधी माणूस पाठवला पाहणीला!"

"नाही हो! टायर रुळवतोय!"

"याला हल्ली टायर रुळवणं म्हणतात? सरका तिकडे!"

अर्ध्या तासाचं ऑफिस मॅडमनी नऊ मिनिटांत गाठलं. वळणावळणाला टायर किंचाळत होते. मी त्यांना साथ देत होतो. साहेब धावत खाली आले आणि थेट टायरपाशी गुडघ्यांवर बसले.

"किती झाले होते?"

"एकशे अठ्ठेचाळीस, साहेब."

"अरेरे! दोनच राहिले होते!"

"मी दिसतेय का?" मॅडम कडाडल्या. "की मीही चार टायर लावून येऊ?"

त्या दिवसापासून गाडी मॅडमची झाली. त्यांच्या हाताखाली टायर दोन महिने टिकतात. नवे आले की साहेब भर ऑफिसात मला नावानं हाक मारतात. यालाच बढती म्हणत असावेत. फक्त त्या गाडीत बसावं लागतं, जमिनीपासून वीतभर उंचीवर!