पाटीवरच्या बावीस भाषा आणि ऐनवेळचा विषय

पैसा ज्या जागी ठेवायचा त्या जागेला काय म्हणावे, याबाबत मानवजातीचे आजतागायत एकमत झालेले नाही. तो परत मिळेल की नाही, ही काळजी मात्र सर्व भाषांत एकसारखी आहे.

आमची संस्था ही अशाच जागांपैकी एक. पूर्ण नाव : चंद्रलोक ग्रामीण बिगरशेती सहकारी पतसंस्था मर्यादित, काष्टी, तालुका श्रीगोंदा, जिल्हा अहिल्यानगर (कागदावर, बोलताना अजून नगर). या नावात चंद्रलोक सोडला तर एकही शब्द असा नाही की जो ऐकून सोयरिकीला आलेला माणूस सावरून बसेल. मी संस्थेचा सचिव. सभांचे इतिवृत्त लिहिणे हे माझे काम. इतिवृत्तात खोटे लिहू नये, असे माझे ठाम मत आहे. सोयीचे लिहावे.

पतसंस्थेने आपल्या नावात 'बँक' हा शब्द वापरायचा नाही, असा नियम आहे. नियम चांगला आहे आणि आम्ही तो पाळत आलो. अडचण आली ती आमचे चेअरमन आबासाहेब यांच्या कन्येच्या, म्हणजे पंकजाच्या लग्नाची बोलणी सुरू झाल्यावर. मध्यस्थाने संगमनेरच्या पाहुण्यांना "मुलीचे वडील बँकेचे चेअरमन आहेत" असे सांगून टाकले. त्याचा हेतू शुद्ध होता (मध्यस्थांचा असतोच). पाहुणे खूश झाले आणि म्हणाले, बँक बघायला येतो. मुलगी बघायला येतो असे ते म्हणाले नाहीत, कारण मुलीचा फोटो त्यांना मोबाईलवर मिळाला होता, बँकेचा मिळाला नव्हता.

"सचिव," आबासाहेब मला म्हणाले, "पाटीवर बँक लिवायचं."

"नियमात बसत नाही, साहेब."

"नियम कुठल्या भाषेत हाय?"

हा प्रश्न यापूर्वी कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. मी कपाटातले कागद काढून पाहिले. काही मराठीत होते, काही इंग्रजीत. जपानीत एकही नव्हता.

अशा रीतीने संस्थेच्या भाषाविषयक कार्याला सुरुवात झाली. बँकेला जगातल्या बावीस भाषांत काय म्हणतात ते शोधून काढावे आणि ते बावीस शब्द दर्शनी पाटीवर रंगवावेत, असे ठरले. मानद भाषा सल्लागार म्हणून नॅथन यांची नेमणूक झाली. हे श्रीगोंद्याला कॉलेजात इंग्रजी शिकवतात. वडील शलमोन मास्तर मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले, घरात तीन पिढ्या खडू-फळा. सल्लागारांचे शब्द टाईप करण्यासाठी लेखनिक म्हणून पंकजाची निवड करण्यात आली. चेअरमनची मुलगी म्हणून तिची निवड झाली असे म्हणणे अन्यायाचे होईल. दुसऱ्या कोणाचा अर्ज मागवलाच नव्हता.

संशोधनातून जे निष्पन्न झाले ते डोळे उघडणारे होते. जपानी माणूस 'गिन्को' म्हणतो, चिनी 'यिन्हांग', कोरियन 'उन्हेंग', आणि तिन्हींच्या मुळाशी चांदी आहे. (आबासाहेब म्हणाले, आपल्याकडं सोनं तारण असतंय, म्हंजी आपन एक पायरी वर.) अरबांचा 'मसरिफ' आणि आपला सराफ हे एकाच घराण्यातले निघाले. फिनलंडात 'पांक्की', शेजारच्या एस्टोनियात नुसतेच 'पांक', स्वाहिलीत 'बेंकी', न्यूझीलंडच्या माओरींत 'पेके'. थायलंडवाले 'थनाखान' म्हणतात, आणि ते आपलेच धनागार आहे असे नॅथन यांनी उलगडून सांगितले, तेव्हा आबासाहेबांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. मग म्हणाले, "नेलं ते नेलं, पन कळवायला काय झालं हुतं?"

आइसलँडचा 'बांकी' हा शब्द संचालक मंडळाने फेटाळला. पाटी वाचताना लोकांना थकबाकी आठवेल, असे वसुली अधिकाऱ्याचे म्हणणे पडले.

युरोपातल्या बहुतेकांनी आपला शब्द इटलीवाल्यांकडून घेतला आहे. तिकडे पूर्वी पैशाचे व्यवहार करणारे बाजारात बाक टाकून बसत, त्या बाकावरून बँक. ग्रीकांनी बाक सोडून टेबल धरले. त्यांचा 'त्रापेझा' म्हणजे सरळसरळ टेबल. आमच्या संस्थेत बाकही आहे (बाहेर, ठेवीदारांसाठी) आणि टेबलही आहे (आत, माझे). म्हणजे दोन्ही संस्कृतींच्या कसोटीला आम्ही उतरतो. खुर्ची तेवढी एकच आहे, आणि तिच्यावर कोण बसणार हा विषय आम्ही कोणत्याही भाषेत काढत नाही.

आता मोबाईलवर असा एक शब्द सापडायला अर्धे मिनिट लागते. माओरींचा 'पेके' सापडायला नॅथन यांना तीन शनिवार लागले. हंगेरियन शब्दासाठी चार लागले, आणि शेवटी तो 'बँक'च निघाला. संशोधनाला वेळ लागतो हे मला मान्य आहे. संशोधन चालू असताना मी आत गेलो की दोघेही एकदम गप्प होत आणि पंकजा कागदावर नसलेले काहीतरी टाईप करू लागे, हे मी पाहिले, नोंदवले नाही.

एक दिवस ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"काका, मला संगमनेरला न्हाई जायचं."

"घरी सांग."

"तीनदा सांगितलं. नॅथनचं नावसुद्धा सांगितलं. आबा 'बघू' म्हनले."

"मग?"

"बघतच न्हाईत."

मला वाईट वाटले. ही पोरगी दोन वेण्या घालून संस्थेत यायची आणि माझ्या शिक्क्यांनी स्वतःच्या हातावर 'रक्कम मिळाली' असे उमटवायची, तेव्हापासून मी तिला ओळखतो. पण वाईट वाटण्यासाठी इतिवृत्तात रकाना नसतो. मी फाईल उघडली.

"काका, सभेत ऐनवेळचा विषय कुनाला मांडता येतो?"

"कोणत्याही सभासदाला. अध्यक्षांच्या परवानगीने."

"परवानगी कशी घेतात?"

"घेत नाहीत. अध्यक्षांनी घंटी वाजवली की मिळाली असे धरतात."

मी तिला फक्त कामकाजाची पद्धत सांगितली. एखाद्या सभासदाने पद्धत विचारली तर सांगणे हे सचिवाचे कर्तव्यच आहे.

पाटी लागली. बावीस शब्द वर, ठळक लाल रंगात. संस्थेचे खरे नाव खाली, मुंगी चालल्यासारखे. परिणाम ताबडतोब दिसला. आठवडी बाजाराच्या दिवशी दोन शेतकरी 'गिन्को' हे लिंबावरचे औषध समजून लिटरचा भाव विचारून गेले. 'यिन्हांग'मुळे नूडल्सची चौकशी वाढली. एका गृहस्थाने पाटी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, चप्पल बाहेर काढली, आत येऊन हात जोडले आणि प्रसाद मागितला. ठेवींत मात्र वाढ झाली. ज्या संस्थेचे नाव वाचता येत नाही ती मोठीच असणार, असा विश्वास आपल्या लोकांत पूर्वीपासून आहे.

पाहुण्यांना बोलावण्यासाठी आबासाहेबांनी वार्षिक सर्वसाधारण सभेचाच दिवस निवडला. सभा म्हणजे गर्दी, मांडव, माईक. संस्थेचा थाट दिसतो. शिवाय विषयपत्रिका वाचण्याचे काम त्यांनी पंकजाकडे दिले. मुलगी चारचौघांत न अडखळता बोलते हे पाहुण्यांना कळावे, हा त्यामागचा विचार. विचार त्यांचाच, हे मुद्दाम नमूद करतो.

सभा सकाळी दहाला गणपूर्तीअभावी तहकूब झाली आणि अर्ध्या तासाने त्याच जागी, त्याच माणसांत, गणपूर्तीची गरज न लागता सुरू झाली. सहकारातली ही सर्वांत सुंदर तरतूद होय. व्यासपीठाच्या मागे भेटवस्तूंचा ढीग रचला होता : झाकणाचा स्टीलचा डबा, आत बुंदीचे दोन लाडू. सभासदांची नजर ढिगावर होती. विषय कोणताही असो, वाक्य 'मान्यता देण्यात यावी' इथवर आले की सभागृह 'मंजूर, मंजूर' म्हणत होते. ताळेबंद मंजूर झाला. नफावाटणी मंजूर झाली. चेअरमन साहेबांचा वाहनभत्ता वाचायच्या आधीच मंजूर झाला. विषय क्रमांक आठ, म्हणजे बावीस भाषांतील पाटीस कार्योत्तर मान्यता, हाही मंजूर झाला.

व्यासपीठावर संगमनेरचे रंगनाथराव बसले होते. हे मुलाचे वडील, सहकारातले जुने माणूस. दूध, पाणीवापर, मजूर, शाळा अशा सात संस्थांवर ते संचालक आहेत. इतकी वर्षे झाल्यावर माणसाला ठराव ऐकू येत नाही. ठराव वाचून झाल्यावर जी शांतता पडते तेवढीच ऐकू येते, आणि ती भरून काढणे हे त्याला आपले काम वाटते.

आबासाहेबांनी घंटी वाजवली. पंकजाने हातातला कागद बदलला. आवाज बदलला नाही.

"विषय क्रमांक नऊ, ऐनवेळचा. संस्थेचे भाषाविषयक कार्य समाधानकारक झाले असून ते पुढे अखंड चालू राहण्याच्या दृष्टीने, संस्थेच्या लेखनिक कुमारी पंकजा यांचा संगमनेर येथील प्रस्तावित विवाह रद्द करून तो संस्थेचे मानद भाषा सल्लागार श्री. नॅथन यांचेशी, उभयतांच्या लेखी संमतीने व विशेष विवाह कायद्यान्वये करण्यास, तसेच आनुषंगिक खर्चास, ही सभा मान्यता देत आहे. सूचक?"

पहिल्या रांगेत साळूबाई होत्या, आमच्या सर्वांत जुन्या ठेवीदार. त्यांनी हात वर केला. "मी हाय सूचक. लिवून घे." साळूबाईंनी ठराव ऐकला होता. सबंध सभेत ठराव ऐकणाऱ्या त्या एकट्याच, असे माझे निरीक्षण आहे.

"अनुमोदक?"

शांतता पडली.

"अनुमोदन," रंगनाथराव म्हणाले.

"मंजूर, मंजूर," सभागृह म्हणाले. आबासाहेबही म्हणाले, सर्वांत मोठ्याने, आणि घंटी वाजवली. मग राष्ट्रगीत झाले. त्यात मधे थांबता येत नसल्याने आबासाहेबांचा चेहरा बदलत गेलेला सर्वांना शेवटपर्यंत सावधान उभे राहून पाहावा लागला.

"काय म्हनली ती?" राष्ट्रगीत संपताच त्यांनी मला विचारले. मी ठराव वाचून दाखवला. रंगनाथरावांना त्यांच्या पत्नी मालनबाई कोपराने ढोसून वेगळे समजावत होत्या. पण रंगनाथराव तत्त्वाचे पक्के. "दिलेलं अनुमोदन मी आजवर मागं घेतलेलं नाही," ते म्हणाले, आणि डबा घेऊन गाडीत बसले. मालनबाईंनीही घेतला.

आबासाहेबांनी मला आत बोलावले. ठराव रद्द कर म्हणाले. मी त्यांना पद्धत सांगितली. ठराव फिरवायचा तर विशेष सभा बोलवावी लागेल. विशेष सभेला भेटवस्तूची तरतूद नाही, तेव्हा माणूस फिरकणार नाही. आणि सभासदांनी न ऐकता मंजूर केला म्हणून ठराव नऊ बेकायदा धरायचा, तर त्याच लोकांनी, त्याच आवाजात, तितकेच ऐकून मंजूर केलेले एक ते आठही बेकायदा ठरतील. त्यात पाटी जाईल. ताळेबंद जाईल. वाहनभत्ता जाईल.

आबासाहेब खुर्चीतून उठले. बाहेर गेले आणि ठेवीदारांच्या बाकावर बसले. तिथे त्यांना मी पहिल्यांदाच पाहिले. पंकजा येऊन शेजारी बसली.

"मला सांगायचं तरी हुतं," आबासाहेब म्हणाले.

"सांगितलं हुतं, आबा. तीनदा. घरात तुमी ऐकत न्हाई. सभेत निदान मंजूर तरी करता."

त्यांना राग आला असेल असे मला वाटले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. "त्या मास्तरांच्या घरी काय म्हनतात?" त्यांनी विचारले. तिकडे नॅथनच्या आई, ग्रेसबाई, यांनी ठराव कळल्यावर आठ दिवस अन्न गोड लागत नाही असे जाहीर केले. नवव्या दिवशी त्यांनी पंकजाला जेवायला बोलावले. लग्न नगरला रजिस्टर झाले. आबासाहेब साक्षीदार म्हणून सही करताना सवयीने खाली 'चेअरमन' लिहून गेले.

आता राहिला औपचारिक भाग. वाचकहो, हा वृत्तांत आपण इथवर वाचलात आणि कुठेही हरकत घेतली नाहीत. रंगनाथराव 'अनुमोदन' म्हणाले तेव्हा आपण हसलात, असाही माझा अंदाज आहे. हसणे ही संमती धरण्याचा आमच्याकडे प्रघात असल्याने ठराव क्रमांक नऊच्या अनुमोदकांत आपले नाव दाखल करण्यात आले आहे. दुसऱ्याच्या मुलीबाबत आपण इतके मोठे मन दाखवलेत, याबद्दल संस्था आपली आभारी आहे.

हा ठराव कोणालाही आपल्या घरी उपयोगी पडावा म्हणून आम्ही त्याची खरी नक्कल अर्ज केल्यास देतो. त्यासाठी घरात किमान तीनदा सांगून झालेले असावे आणि उत्तर 'बघू' असे मिळालेले असावे, एवढीच अट आहे. अर्ज बरेच येतात. कालच्या टपालात एक आला. मुलीचे अक्षर चांगले आहे, आणि पत्ता, वाचकहो, आपल्याच घरचा आहे.