पहिली ओळ बाळूची

सर्जेराव आप्पा कॉम्प्युटर सुरू करत असले, की त्या खोलीत कोणी बोलायचं नसतं. चहा आला तर तो उंबऱ्यात थांबतो. फोन वाजला तर वाजत राहतो. मी एकदा नेमका त्याच वेळी "आहात का आप्पा?" करत आत शिरलो, तर त्यांनी पडद्यावरची नजर न हलवता डावा हात माझ्यापुढं आडवा धरला.

"थांबा मिस्त्री. वाटणी चालू हाय."

उजव्या हाताचं बोट कीबोर्डवर, खाली जाणाऱ्या बाणावर टेकलेलं. समोर काळ्या पडद्यावर दोन ओळी आणि त्यांच्याखाली उलटे उतरत चाललेले आकडे. बोट दबलं, खालची ओळ उजळली, एंटर झाला, आणि आप्पांनी धरून ठेवलेला श्वास सोडला. "हां. आता बोला."

माझं शाहूपुरीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पाटीवर 'सिस्टिम इंजिनियर' असं चांगलं रंगवून घेतलंय. पण आप्पांचा उभा जन्म उद्यमनगरात लेथ मशीनवर गेला. स्क्रू ड्रायव्हर धरणारा प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी मिस्त्री. सुरुवातीला मला राग यायचा. आता दुसरं कोणी मिस्त्री म्हणालं तरच येतो.

आप्पांच्या त्या डबड्यात (हा शब्द त्यांच्यासमोर काढायचा नाही) हार्ड डिस्कचे दोन भाग पाडून दोन सिस्टिम टाकलेल्या आहेत, एकीकडं लिनक्स आणि एकीकडं विंडोज. मशीन चालू झालं की विचारतं, कुठं जायचं? वेळेत उत्तर दिलं नाही तर आपलं आपण वरच्या ओळीत शिरतं. वरची ओळ लिनक्सची, म्हणजे धाकट्या भावाची, बाळूची. खालची विंडोजची, ती आप्पांची. बोट दाबायला जरा उशीर झाला, की आप्पा बाळूच्या दारात जाऊन उभे. मग बंद करा, पुन्हा चालू करा, पुन्हा सगळ्या घराला चिडीचूप बसवा.

"आप्पा, तुमची ओळ वर घेतो की," मी म्हणालो. "बोट धरून बसायला नको."

"मिस्त्री, वाटणी थोरल्यानं करायची, आन् पैला वाटा धाकट्यानं उचलायचा. ही रीत हाय. कॉम्प्युटर आला म्हणून रीत बदलती व्हय?"

दोघा भावांचं वर्कशॉप एकत्र होतं तेव्हाचं हे मशीन. आप्पा त्यावर बिलं करायचे. बाळूला नवीन काहीतरी शिकायचं वेड, त्यानं कुठून तरी सीडी आणून लिनक्स टाकलं. पुढं घर वेगळं झालं. लेथ, ड्रिल, मोटरसायकल, पातेली, सगळ्याची वाटणी झाली आणि कॉम्प्युटरपाशी पंच अडले. तेव्हा आप्पा म्हणाले, "ह्येची वाटणी आतनं आदीच झालीया. आर्धा त्येचा, आर्धा माजा. खोकं माज्याकडं ऱ्हाऊ दे. त्येला लागंल तवा त्येनं यावं."

पंच हसले. बाळू हसला नाही, आणि पुढं कधी आलाही नाही. कागलजवळच्या रानाचे तुकडे पाडताना तो चारचौघांत बोलून गेला होता, "दादा, तुमी बांध कोरलासा." आमच्या भागात माणसाला दोन मुस्काटात मारल्या तर तो विसरेल, बांध सरकवून जमीन खाल्ल्याचा हा आळ विसरत नाही. सरकारी मोजणी झाली, बांध जागच्या जागी निघाला. आप्पांचं म्हणणं खरं ठरलं आणि बाळूला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. तो कागलला राहायला गेला, तिथंच वर्कशॉप काढलं. बोलणं बंद.

तेव्हापासून आप्पांनी ते मशीन जितं ठेवलंय, आणि कसं ठेवलंय ते बघायला या. झाकण कायम उघडं. सुरू होताना पी-पी करायला लागलं, की रॅमची पट्टी काढून नातीच्या खोडरबरनं घासायची. पंखा घरघरला, की शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब. आतला सेल संपला, की मशीन तारीख विसरून कुठल्यातरी जुन्या सालात जाऊन बसतं, तेव्हा आप्पा त्याला मोठ्यानं आजची तारीख सांगतात आणि मग सेल बदलतात. खंडेनवमीला पान्या-हातोड्यांच्या शेजारी त्याला हळदकुंकू लागतं. उद्यमनगरातली जुनी मंडळी आली, की आप्पा त्यांना ते मशीन बैलजोडी दाखवावी तसं दाखवतात. "बगा, कसं चालतंय. नवं घ्या म्हणत्यात लोक. नव्याच्या बाच्यानं चालंल का एवढं?"

एकदा त्यांच्या बाजूची जागा भरली. नातीचे फोटो मावेनात. मी म्हणालो, पलीकडं बाळूची जागा रिकामीच पडलीय, थोडी सरकवून घेऊ. आप्पांनी चष्मा काढला.

"मिस्त्री, बांध कोरायला सांगतासा व्हय मला?"

शेवटी मी बाहेरची वेगळी डिस्क जोडून दिली.

आणि दर रविवारी ते मुद्दाम बाळूची ओळ उघडायचे. पडद्यावर बाळूचं नाव यायचं, खाली पासवर्डची रिकामी चौकट. पासवर्ड आप्पांना माहीत नाही आणि त्यांनी कधी विचारलाही नाही. ते नुसते समोर बसायचे. चहा प्यायचे. मग बंद. "बंद घराला वाळवी लागती. मधनंमधनं दार उघडावं लागतंय," एवढंच स्पष्टीकरण.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना आप्पांचं विंडोज बिघडलं, आणि दुर्दैवानं त्याच दिवशी पुण्याचे जावई आले. जावई हौशी. सासरेबुवांचं जेवण होईपर्यंत त्यांनी नवं विंडोज टाकून दिलं आणि शाबासकी घेऊन पुण्याला गेले. दुसऱ्या दिवशी आप्पांनी मशीन चालू केलं, खोली गप्प केली, बोट बाणावर ठेवलं, आणि मशीन काहीच न विचारता सरळ विंडोजमध्ये गेलं.

दोन ओळीच नाहीत.

मला फोन आला तेव्हा आवाज ओळखू येईना. मी धावत गेलो. आप्पा खुर्चीच्या कडेला बसलेले. "मिस्त्री, बाळूचा वाटा गेला. त्यो काय म्हणंल आता? तवा बांध कोरला म्हणला. आता म्हणंल, थोरल्यानं आक्खं रान खाल्लं."

जावई असल्यामुळं शिव्या देण्याचीही सोय नव्हती.

मी पेनड्राइव्ह लावून त्यावरनं मशीन चालू केलं आणि आत डोकावलो. बाळूचा भाग जसाच्या तसा होता. नव्या विंडोजनं फक्त सुरुवातीची ती विचारणा पुसून टाकली होती. आप्पांना समजेल अशा भाषेत सांगितलं, "सातबाऱ्यावरनं नाव उडालंय. जमीन जागेवर आहे. नाव परत चढवू, लगेच होईल."

आप्पांच्या चेहऱ्यावर रंग आला. मी कामाला हात घातला, तसा त्यांनी माझा हात धरला.

"थांबा. मोजणी एकतर्फी करायची न्हाय. दोन्ही खातेदार हजर पायजेत."

मी खूप समजावलं. पण एकदा हजर म्हटलं की हजर. फोन मात्र मीच लावायचा. मी लावला आणि स्पीकरवर टाकला. आप्पा पाठ करून, आधीच स्वच्छ असलेला मॉनिटर फडक्यानं पुसत बसले.

"बाळासाहेब, मी शाहूपुरीतून बोलतोय. आप्पांच्या कॉम्प्युटरची मोजणी आहे. तुमच्या वाट्याचं नाव उडालंय. तुम्हाला हजर राहायला सांगितलंय."

पलीकडं मशीनची घरघर थांबली. मग आवाज आला, "माजा वाटा? त्यो आजून ठेवलाय दादानं?"

"हाय म्हणावं!" आप्पा मॉनिटरकडं बघत ओरडले. "जसाच्या तसा हाय म्हणावं! बोटभर कमी न्हाय!"

कागल काही लांब नाही. बाळू आला तो कामाच्याच कपड्यांत, हातांना ग्रीस. अर्धं डोकं पांढरं झालेला हा माणूस दारातच उभा राहिला. आप्पा म्हणाले, "बस. मिस्त्री, करा सुरू." मी बाळूच्या डोळ्यांदेखत चार ओळी टाइप केल्या, पेनड्राइव्ह काढला, मशीन बंद करून चालू केलं.

काळा पडदा आला. दोन ओळी आल्या. वरची बाळूची, खालची आप्पांची. आकडे उतरायला लागले.

सवयीनं आप्पांचं बोट बाणावर गेलं, आणि तसंच मागं आलं. ते उठले आणि बाळूला खुर्चीत बसवलं. बाळू गडबडला. "दादा, आदी तुमचं काम असंल की," म्हणून त्यानं बाणाकडं हात नेला. आप्पांनी त्याचं मनगट पकडलं.

"हात काढ. मान तुजा हाय."

आकडे संपेपर्यंत त्यांनी ते मनगट सोडलं नाही. मग पडद्यावर बाळूचं नाव आलं, खाली ती रिकामी चौकट. आम्ही तिघं बघत राहिलो.

"पासवर्ड टाक," आप्पा म्हणाले.

बाळूनं डोकं खाजवलं. "दादा, आठवंना झालाय."

मी पुढं सरसावलो. असलं कुलूप काढणं हा माझा रोजचा धंदा आहे. आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी मागं सरकलो. "मिस्त्री, तुमचं काम झालं न्हवं? चा घ्या."

बाळूनं चार-सहा वेळा प्रयत्न केला. जमलं नाही. जेवून गेला. जाताना म्हणाला, "पुढच्या रविवारी परत बगतो, दादा. आठवंल."

अजून आठवलेला नाही. दर रविवारी बाळू कागलहून येतो, पासवर्ड चुकवतो, तांबड्या रश्शाबरोबर भाकरी खातो आणि जातो. गेल्या रविवारी मी पंखा बदलायला गेलो होतो आणि त्याच्या मागंच उभा होतो. विसरलेला माणूस कसा टाइप करतो, हे मला रोज दिसतं. तो एकेक अक्षर शोधत जातो. बाळूची बोटं मात्र न थांबता झरझर चालली. मग त्यानं हळूच आप्पांकडं बघितलं, शेवटी आणखी एक अक्षर दाबलं, आणि एंटर मारला.

"चुकलं, दादा."

आप्पांनी आत बाळूच्या भाकरीची वर्दी दिली. मग माझ्याकडं वळले, आणि नव्या मशीनवर पहिला जॉब काढल्यासारखी छाती फुगवून म्हणाले, "आमच्या धाकट्यानं घातलेलं कुलूप हाय, मिस्त्री. सहज उघडंल व्हय?"