अडीच किलो लाकूड, सहा बादल्या

देवस्थळी काका रोज सकाळी अंघोळीच्या आधी लाकूड तोलतात.

हातावर अंदाज घेत नाहीत, खरोखर तोलतात. कसब्यातल्या त्यांच्या घराच्या मागच्या अंगणात एका खुंटीला स्प्रिंगचा काटा टांगलेला आहे. त्याच्या आकड्याला लाकडांची मोळी अडकवायची, चष्मा कपाळावर चढवायचा आणि काटा हलायचा थांबेपर्यंत श्वास रोखून उभं राहायचं. अडीच किलो. जास्त भरलं तर एक ढलपी काढतात, कमी भरलं तर तीच ढलपी परत घालतात. मगच बंब पेटतो.

ज्यांनी बंब पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बंब म्हणजे तांब्याचं उभं पिंप, त्याच्या पोटातून आरपार गेलेली नळी. नळीत लाकूड जळतं, भोवती पाणी तापतं आणि खालच्या तोटीतून कढत बाहेर येतं. काकांचा बंब इतका लख्ख घासलेला असतो की त्यात बघून मी पुष्कळदा भांग पाडला आहे.

काका वजनमापे खात्यातून निवृत्त झाले. मंडईतले काही म्हातारे व्यापारी अजूनही त्यांना लांबून पाहिलं की तराजूचं पारडं पुसायला घेतात. ‘मोजल्याशिवाय बोलायचं नाही आणि मोजल्याशिवाय लिहायचं नाही’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कोणी म्हणालं, आज फार थंडी आहे हो, की काका शांतपणे विचारणार, “म्हणजे किती?” समोरचा स्वेटर ओढून दाखवणार. “मग ‘फार’ कशावरून म्हणालात?”

मी भंडारा जिल्ह्यातला. नववीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली, पण ‘सुटली’ लिहिलं की जरा बरं वाटतं. पुण्यात बुधवार पेठेतल्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानात गीझर बसवायच्या कामाला लागलो. स्वभावाने मी भित्रा. कोणी नुसतं “जरा थांब” म्हटलं तरी मी दोन पावलं मागे सरकतो. असा मी एका सकाळी गीझरचं खोकं खांद्यावर घेऊन काकांच्या दारात उभा राहिलो. त्यांच्या मुलीने, अपर्णाताईंनी, कॅनडातून पैसे भरून तो आमच्या दुकानातून घेतला होता.

“कोणी मागवलाय हा?” काका.

“तुमच्या मुलीनं. कायले म्हणजे, धुराचा त्रास होते ना तुमाले...”

“आपण कुठले?”

“भंडाऱ्याचा.”

“भंडारेकर, धुराचा त्रास मला होतो. तो मी मोजलेला आहे. बसवा गीझर. पण बंब जागचा हलणार नाही.”

मी गीझर बसवला. काकांनी मागे उभं राहून भिंतीतली चारही भोकं पट्टीने तपासली. तेवढ्यात ताईंचा फोन आला आणि बापलेकीची जुंपली. बंब तांबटाकडे मोडीत द्या, ताई म्हणत होत्या. गीझर आला त्या खोक्यातून परत पाठव, काका म्हणत होते. शेवटी तोडगा निघाला तो काकांच्याच स्वभावातला. महिनाभर दोन्हीचा खर्च मोजायचा. जो महाग पडेल तो घराबाहेर.

मोजणारा कोण? दोघांचाही एकमेकांवर भरवसा नाही. ताई म्हणाल्या, “ते दादा आहेत ना तिथे, ते मोजतील.”

काकांनी मला खालून वर पाहिलं आणि फोनवर ताईंना म्हणाले, “गीझर विकतो, म्हणजे तुझ्या बाजूचा. खेड्यातला, लाकडावर वाढलेला, म्हणजे माझ्या बाजूचा. चालेल.”

मला कोणीच विचारलं नाही. दुकानात सांगितलं तर सेठ म्हणाले, “गीझर परत आला, तर त्याच्यासोबत तू पण गावाला परत जा.” ते हसत म्हणाले होते, पण मला झोप येईना. गावाकडे आई माझ्या पगारावर होती.

तेव्हा मी चौघांबरोबर एका खोलीत राहायचो. नळाचं पाणी थंडीत बर्फासारखं. काकांनी मेहनताना ठरवला: रोज एक बादली गरम पाणी. साडेसहाला हजर व्हायचं, लाकूड तोलायचं, बंब पेटवायचा, एक दिवसाआड गीझर लावायचा, मीटरचा आकडा वहीत उतरवायचा. वहीतल्या रकान्यांत वार, लाकूड, युनिट, माणसे, शिल्लक. भागाकार मी विसरलो होतो, तो काकांनी मला त्या अंगणात पाटावर बसवून परत शिकवला. चुकलो तर ओरडले नाहीत. “परत मोजा,” एवढंच. आयुष्यात कोणी मला परत मोजायची संधी दिली असेल तर ती त्यांनी.

वहीच्या मागच्या पानांवर कॅनडा होतं. अपर्णाताईंचं तिथलं घर गॅसवर तापवलं तर किती, विजेवर किती, लाकडाच्या शेगडीवर किती. ताईंनी एकदा सहज म्हटलं होतं की इथे लाकूड स्वस्त आहे, शेगडी बसवू का. काकांनी पुण्यात बसून त्याचे तीन तक्ते केले आणि फोनवर निकाल दिला, “लाकूड स्वस्त, पण फोडणार कोण? मजुरी धर. धुरांडं साफ कोण करणार? तेही धर. गॅसच ठेव.” फोन उचलला की नमस्कार नाही, कशी आहेस नाही. “आज उणे किती?” ताई आकडा सांगायच्या, काका लिहून घ्यायचे आणि मग दिवसभर शाल पांघरून बसायचे. पुण्यात ऊन असलं तरी.

तर बंब. दुसऱ्याच दिवशी मला कळलं की तिथे अंघोळीला मी एकटा नाही. पेपर टाकणारे शिंदे आले. देवळापाशी फुलं विकणारे मारुतीमामा आले. समोरच्या खोलीतले शिकणारे दोन मुलगे टॉवेल गळ्यात टाकून आले. मी आणि काका धरून सहा. बंबातलं कढत पाणी, त्यात गार पाण्याचं विसण, असं एका पेटवणीत बरोबर सहा बादल्या होतात. काका तोटीपाशी स्टुलावर बसून ज्याची त्याची बादली भरून देत. शिंदे बोलके, काकांना म्हणायचे, “साहेब, एक दिवस साबण पण तोला की.” काका म्हणायचे, “आणा. त्याआधी तुमची अंघोळ किती मिनिटांची ते सांगू का सगळ्यांना?” मग शिंदे गुपचूप आत.

महिना संपला. मी भागाकार केला, परत केला, सेठच्या कॅल्क्युलेटरवर केला. सहा बादल्यांना बंब स्वस्त पडत होता. पाचांनाही, थोडासा. चार आणि चाराच्या खाली मात्र गीझर. कारण बंब अर्धा भरून पेटवता येत नाही. वरपर्यंत पाणी नसेल तर तांब्याचे सांधे सुटतात. एक माणूस असो की सहा, लाकूड तेवढंच लागतं. गीझरला माणसं कमी झाली की वीजही कमी लागते.

रविवारी सकाळी फोन लागला. मी वही घेऊन पाटावर, काका स्टुलावर, फोन बंबाला टेकवून उभा. मी सगळं वाचलं.

ताई हुशार. त्यांनी विचारलं, “आणि बाबा एकटे असले तर?”

काका बंबाकडे बघत होते. खरं बोललो तर गीझर राहणार होता आणि माझी नोकरी वाचणार होती. नेमकं म्हणूनच ते खरं तोंडातून निघेना. ज्यांच्या पाण्याने महिनाभर अंघोळ केली, त्यांचा बंब मी मोडीत काढायचा? पण वही त्यांनीच शिकवलेली होती.

“एकट्याला गीझरच स्वस्त, ताई. पुष्कळ.”

“पुष्कळ म्हणजे किती?” काकांनी विचारलं.

मी आकडा सांगितला.

“बरोबर,” काका फोनकडे वळून म्हणाले. “मीही तेवढाच काढला होता. तुझी आई गेली त्या वर्षी.”

मग ताई म्हणाल्या, “म्हणजे तुम्हाला माहीत होतं. आणि तुम्ही एकटे होतात तेव्हाही रोज बंबच पेटवत होतात. उरलेल्या पाच बादल्यांचं काय करत होतात, बाबा?”

काका उठले, घरातून जुनी वही आणली, उघडून माझ्यापुढे ठेवली आणि बोटाने रकाना दाखवला. मी वाचायला लागलो. “सोमवार. माणसे एक, शिल्लक पाच. मंगळवार. माणसे एक, शिल्लक पाच. बुधवार...” पानच्या पान तसंच, सुरेख अक्षरात. मी पुढचं पान उलटलं तेव्हा ताई हळूच म्हणाल्या, “पुरे, दादा.”

मधली पानं सोडून मी चाळत गेलो. एका ठिकाणी शिल्लक चार झाली होती, शेजारी बारीक अक्षरात ‘शिंदे’. मग तीन, ‘मारुती’. मग ती दोन मुलं, आणि शिल्लक एक. ती एक बादली महिनोन्‌महिने तशीच उरत होती, मी खोकं घेऊन येईपर्यंत.

निकाल ताईंनीच दिला. दोन्ही राहतील. पाच माणसं असली तर बंब, नसली तर गीझर. आणि बाबांनी धुरापाशी बसायचं नाही, पेटवायचं दुसऱ्या कोणी. काका म्हणाले, “मान्य. नोंदवा, भंडारेकर.” आवाज नेहमीचाच होता, फक्त चष्मा कपाळावरून खाली घ्यायला ते विसरले होते.

याला दोन वर्षं झाली. सेठनी मला काढलं नाही, उलट पगार वाढवला. मी वारज्यात स्वतःची खोली भाड्याने घेतली आणि तिथे स्वतःच्या हाताने गीझर बसवला. तो मी सहसा लावत नाही. ती दोन मुलं शिकून निघून गेली. एकाच्या जागी देवळात झाडलोट करणारे तुकारामबुवा येतात. काका, शिंदे, मारुतीमामा, तुकारामबुवा, हे झाले चार. म्हणून मी पहाटेची बस पकडून कसब्यात जातो. बसचं तिकीट धरलं तर माझी अंघोळ पुण्यातली सगळ्यात महाग अंघोळ असेल. काकांनी हा हिशोब अजून काढलेला नाही. त्यांना तो येत नाही असं मी म्हणणार नाही.

मागच्या थंडीत आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस गावी गेलो. निघताना काकांना म्हणालो, गुरुवारी सकाळी परत येतो. ते म्हणाले, “रेल्वेचा काय भरवसा. आलात की बघू.”

गुरुवारी गाडीला उशीर झाला. स्टेशनवरून पिशवी घेऊन तसाच कसब्यात गेलो. मनात धाकधूक, की चारच माणसं असणार, गीझरवर उरकून सगळे कामाला गेले असणार. अंगणात पाऊल टाकलं तर बंबाच्या नळीतून धूर निघत होता. शिंदे, मामा, बुवा आपापल्या बादलीसह रांगेत. काका धुरापासून लांब, स्टुलावर.

“ऑपरेशन?” त्यांनी विचारलं.

“छान झालं. आईला दिसते आता.”

“दिसतं,” काका म्हणाले. “बादली घ्या. पाणी निवतंय.”

मी बादली घ्यायला वाकलो तेव्हा वही पाटावर उघडी दिसली. आठ दिवस ओळीने: माणसे चार, गीझर. माणसे चार, गीझर. नियम एकदाही मोडलेला नव्हता. खाली आजची ओळ होती. गुरुवार, लाकूड अडीच किलो. युनिटपुढचा रकाना शेवटची अंघोळ झाल्यावरच भरायचा असतो, तो भरलेला होता आणि शाई केव्हाच वाळली होती.

माणसे पाच.