मध्यंतरातला गोल

"हाताने फेक," असं घरमालकीण बॉयर्लेबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, आणि उल्काने ते नीट ऐकलंही होतं. पण चेंडू घरंगळत येऊन तिच्या बुटाला लागला आणि पुढचं सगळं पायाने परस्पर उरकलं. चेंडू उडाला, पाहुण्या संघाच्या गोलकीपरच्या डोक्यावरून गेला आणि जाळीच्या वरच्या कोपऱ्यात जाऊन बसला. उल्काने आधी पदर सावरला आणि मग जीभ चावली.

यात तिचा दोष म्हटला तर होता, म्हटला तर नव्हता. उल्का कोल्हापूरची. तिथे मूल आधी चालायला शिकतं की आधी चेंडू मारायला, याबद्दल अजून एकमत झालेलं नाही. तिचे वडील शाळेत ड्रिल मास्तर आणि पेठेतल्या तालमीचा फुटबॉल संघ त्यांच्याच हाताखाली. मुलींनी खेळायचा प्रश्नच नव्हता, पण गोलामागे उभं राहून लांब गेलेला चेंडू आणून द्यायचं काम उल्काकडे होतं. हातात घेऊन आणला की वेळ जायचा आणि भाऊ ओरडायचे, म्हणून ती पायानेच धाडून द्यायची. पुढे तिचं लग्न पुण्याच्या श्रीनाथशी झालं. श्रीनाथने आयुष्यात एकदाच चेंडूला पाय लावला होता, तोही अंधारात अडखळून.

श्रीनाथ डॉक्टरेटसाठी स्टुटगार्टला आला तेव्हा उल्काला मागेच राहावं लागलं, कारण खोली मिळेना. युद्ध संपून तेरा वर्षं झाली होती तरी जर्मनीत जोडप्याला खोली मिळणं म्हणजे देव भेटण्यासारखं होतं, आणि जो मालक जाहिरात देई त्याची खोली श्रीनाथचं नाव ऐकताच नेमकी पाच मिनिटांपूर्वी गेलेली असे. शेवटी बॉबलिंगेनच्या पलीकडच्या एका लहानशा गावात हेर, म्हणजे श्रीयुत, बॉयर्ले नावाच्या बेकरीवाल्याने माडीवरच्या दोन खोल्या दिल्या आणि उल्का बोटीने आली. या खोल्या गेल्या तर तिला पुन्हा कोल्हापूर गाठावं लागणार आणि श्रीनाथची पदवी होईपर्यंत दोघांनी पत्रांवर संसार करायचा, हे दोघांना इतकं ठाऊक होतं की जिना चढतानासुद्धा ते पायरी वाजू देत नसत.

बेकरी हा बॉयर्लेंचा पोटापाण्याचा धंदा होता. त्यांचं खरं काम म्हणजे गावच्या फुटबॉल क्लबचं अध्यक्षपद. त्या रविवारी शेजारच्या गावाशी सामना होता आणि उल्का सकाळपासून थक्क होत होती. कोल्हापुरात चारची मॅच म्हणजे सगळे जमले की चालू, आणि झाडांवरची माणसं खाली उतरून मैदानात आली की संपली. इथे चुन्याच्या रेघा ओळंब्याने मारल्यासारख्या. रेफरी एकटाच, लहानशी बॅग घेऊन बसमधून उतरला, कुणाकडून पाणीसुद्धा घेतलं नाही. त्याने प्रत्येक खेळाडूचा फोटोचा पास पाहिला, स्वतःच्या सख्ख्या मेव्हण्याचासुद्धा. चर्चच्या घड्याळाचा टोला आणि त्याची शिट्टी एकदमच झाली.

"हे सगळं कोण बघतंय ओ?" तिने श्रीनाथला विचारलं, श्रीनाथने बॉयर्लेंना विचारलं, आणि बॉयर्लेंनी टोपी काढून उत्तर दिलं. गाव क्राइसमध्ये, म्हणजे आपल्या तालुक्यात. क्राइस बेत्सिर्कमध्ये, म्हणजे जिल्ह्यात. आणि सगळे बेत्सिर्क फेरबांडमध्ये, म्हणजे प्रदेशाच्या फुटबॉल संघात. या क्षणाला प्रदेशातल्या गावागावांत अशाच शिट्ट्या वाजत होत्या, आणि उद्याच्या पेपरात प्रत्येक गावाची जागा गुणतक्त्यात छापून येणार होती, अगदी तळाच्या गावाचीसुद्धा. युद्धानंतर अर्धा मुलूख अमेरिकनांकडे, अर्धा फ्रेंचांकडे होता. शेजारच्या गावी खेळायला जायचं तर लष्कराचा परवाना लागायचा. त्या दिवसांत फेरबांडची माणसं सायकलवरून गावोगाव हिंडली आणि त्यांनी पुन्हा एकेक क्लब जोडला.

"घरांना छपरं नव्हती," बॉयर्ले म्हणाले, "पण रविवारी सामना होता आणि सोमवारी तक्ता होता."

उल्काच्या अंगावर काटा आला. तिच्या वडलांनी सगळं आयुष्य शिट्टी फुंकण्यात घालवलं होतं, आणि त्यांनी हे पाहायला हवं होतं असं तिला फार वाटलं.

हे सगळं मनात घोळत असतानाच मध्यंतर झालं, चेंडू आला आणि वर सांगितलेला प्रकार घडला. तिथेच तो संपलाही असता. पण पाहुण्या संघाचा गोलकीपर, चांगला दाराएवढा गडी, हसून म्हणाला की हा वारा होता, बाईंनी पुन्हा मारून दाखवावा. उल्का नको नको म्हणाली. मग पाहुण्याचा मान म्हणून तिने मारला आणि तो त्याच्या डावीकडून पुन्हा जाळीत गेला. तेवढ्यात वर्षानुवर्षं क्लबच्या जर्सी धूत आलेल्या बॉयर्लेबाईंनी हातातला कॉफीचा कप गवतावर ठेवला. "मला बघू दे," त्या म्हणाल्या. त्यांच्यामागून पोस्टातली बाई आली, मग चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाई आणि त्यांची बहीण. पाच बायका आळीपाळीने चेंडू मारत होत्या आणि सगळा गाव पोट धरून हसत होता. सगळ्यांत मोठ्याने हसत होते ते अध्यक्ष बॉयर्ले.

मध्यंतर संपलं, पण गोलकीपरचे हात काही ताळ्यावर आले नाहीत. त्याने लागोपाठ चार गोल खाल्ले. गावचा क्लब जिंकला आणि तक्त्यात पहिला आला.

मंगळवारी बॉयर्ले प्रथमच जिना चढून वर आले. आता ते हसत नव्हते. पाहुण्या क्लबने तक्रार ठोकली होती. देशाच्या फुटबॉल महासंघाने तीन वर्षांपूर्वी ठराव केला होता की हा खेळ बायकांच्या प्रकृतीला आणि शालीनतेला झेपणारा नाही, सबब कोणत्याही क्लबने आपलं मैदान महिलांच्या फुटबॉलला देऊ नये. बॉयर्लेंनी दिलं होतं, तेही भर सामन्यात. सामना रद्द करा, मैदान बंद करा, असं तक्रारदारांचं म्हणणं होतं.

"पण ते तर नुसतं गमतीत," श्रीनाथ म्हणाला.

"हे बघा, गमतीबद्दल ठरावात काही नाही," बॉयर्ले म्हणाले.

चौकशीला क्राइसकडून हेर क्नॉडलर आले. मोपेडवर ताठ बसणारा, सडपातळ, अतिशय सज्जन माणूस. त्यांनी गोलाच्या जाळीचा तो कोपरा पाहिला, बाईंनी कप ठेवला ती जागा पाहिली, आणि मग माडीवर येऊन कॉफी घेतली. उल्काने शंकरपाळे पुढे ठेवले. इथवर सगळं ठीक चाललं होतं. पण आपल्या बायकोला कुणी ऐरीगैरी समजू नये, असं श्रीनाथच्या मनाने घेतलं. तो सांगत सुटला. हिचे वडील संघ चालवतात, आमच्याकडे तालमी-तालमींची स्पर्धा असते, शहराची संघटना असते, ही तर लहानपणापासून मैदानावरच वाढलेली.

"म्हणजे संघटित फुटबॉल?" क्नॉडलरनी हळूच विचारलं.

"गेनाऊ," श्रीनाथ आनंदाने म्हणाला. 'अगदी बरोबर' या अर्थाचा जर्मनमधला हा एकच शब्द तो न अडखळता म्हणू शकत असे.

क्नॉडलरनी कप खाली ठेवला. आता प्रकरण नुसतं बायकांचं राहिलं नाही. एक परदेशी खेळाडू स्वतःच्या देशातल्या संघटनेचं ना-हरकत पत्र न घेता, पासाशिवाय मैदानात उतरला होता. क्राइसने कळवलं की परदेशी खेळाडू आमच्या कक्षेत येत नाहीत. बेत्सिर्कने कळवलं की महिला आमच्या कक्षेत येत नाहीत. राईचा पर्वत झाला आणि तो स्टुटगार्टला फेरबांडच्या दारात जाऊन उभा राहिला.

"अहो, पण तुम्ही गेनाऊ कशाला म्हणालात?" उल्काने विचारलं.

"मला वाटलं, तो कौतुक करतोय."

बॉयर्ले शेवटपर्यंत सभ्यपणे वागले. ते एवढंच म्हणाले की मैदान बंद झालं तर मला राजीनामा द्यावा लागेल, आणि राजीनामा ज्यांच्यामुळे दिला त्यांना माझ्याच माडीवर गाव राहू देणार नाही. नाताळपर्यंत दुसरीकडे बघून ठेवा. उल्काने पलंगाखालची ट्रंक बाहेर ओढली, तिच्यावरची धूळ पुसली आणि पुन्हा आत ढकलली. तिला रडू येत होतं. पुन्हा बोट, पुन्हा ते पोस्टमनची वाट बघणं, हे तिला आता नको होतं.

सुनावणीला सगळे एकाच गाडीने गेले. बॉयर्लेबाई साक्षीदार म्हणून रविवारची हॅट घालून आल्या होत्या. फेरबांडच्या कचेरीत शिरताना उल्का घाबरलेली होती, पण आत गेल्यावर ती भीतीच विसरली. समोरच्या भिंतीवर सबंध प्रदेशाचा नकाशा होता आणि त्यावर प्रत्येक क्लबासाठी एक टाचणी. डोंगरात टाचण्या, नदीकाठी टाचण्या, जिथे दहा घरं असतील तिथेही टाचणी. तिने बॉबलिंगेन शोधलं, तिथून बोट सरकवत गेली, आणि आपलं गाव सापडलं. कुणालाही न विसरणारी ही माणसं पाहून तिने चक्क भिंतीला नमस्कार केला. टेबलामागे बसलेल्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

मधले डॉक्टर गायर हे पांढऱ्या भुवयांचे गृहस्थ अध्यक्ष होते. "आपण आमच्या सदस्य क्लबच्या मैदानावर फुटबॉल खेळलात का?" त्यांनी विचारलं. श्रीनाथ दुभाषा म्हणून उभा राहिला, पण त्याच्या तोंडातून गेनाऊ निघेल या धास्तीने उल्काने त्याला हात धरून खाली बसवलं. बॉयर्लेबाईंच्या स्वयंपाकघरात शिकलेल्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये ती स्वतःच बोलली.

"साहेब, मी फुटबॉल बघितला. रेफरी बसने आला, पास बघितले, घंटेला सुरू केला. तो फुटबॉल. त्याच्यामागे ही सगळी भिंत उभी आहे. आम्ही पाच बायका होतो. समोर संघ नाही, रेफरी नाही, बॉयर्लेबाईंच्या पायात तर स्लिपर. याला फुटबॉल म्हणायचं तर तुम्ही सायकलवरून हिंडून हे जोडलं ते कशासाठी? मला वाईट शिक्षा द्या, पण याला फुटबॉल म्हणू नका."

ती हे डावपेच म्हणून बोलली नव्हती. तिचे डोळे भरून आले होते, आणि डॉक्टर गायर ते बघत होते. आपल्या कामाला इतकं मोठं मानणारं माणूस त्यांना बहुधा घरीसुद्धा भेटलं नव्हतं. तिघे आत गेले आणि लगेच बाहेर आले. जे घडलं तो फुटबॉल नव्हता, असा निर्णय झाला. परदेशी खेळाडूचा प्रश्नही त्याबरोबर निकालात निघाला, कारण फुटबॉल नाही तर खेळाडू कुठला?

बॉयर्लेंनी सुस्कारा सोडला. तेवढ्यात क्नॉडलरनी नम्रपणे हात वर केला.

"मग ते काय होतं?" त्यांनी विचारलं. "मैदानावर जे घडलं ते मला कुठल्या तरी सदराखाली घालावं लागेल. काहीच घडलं नाही असं मी लिहू शकत नाही. मी जाळी पाहिली आहे."

आक्षेप बिनतोड होता. तिघे पुन्हा आत गेले, आणि या वेळी बराच वेळ आत राहिले. दारातून आवाज चढल्याचं ऐकू येत होतं. बाहेर येऊन डॉक्टर गायरनी घसा साफ केला आणि सांगितलं की तो प्रकार म्हणजे महिलांचं चेंडूसह जिम्नॅस्टिक्स होता. जिम्नॅस्टिक्स बायकांच्या प्रकृतीला उत्तम असल्याचं सर्वमान्य आहे आणि क्लबांनी त्याला उत्तेजनच द्यायला हवं. जिम्नॅस्टिक्स पाहून गोलकीपरने चार गोल खाल्ले, हे सामना रद्द करण्याचं कारण होऊ शकत नाही.

परतीच्या गाडीत बॉयर्ले श्रीनाथच्या पाठीवर थापा मारत होते. बॉयर्लेबाई मात्र खिडकीतून बाहेर बघत होत्या. बॉबलिंगेन गेल्यावर त्यांनी हॅटची पिन काढली.

"गुरुवारी मैदान रिकामं असतं," त्या म्हणाल्या.

"कशाला?" बॉयर्लेंनी विचारलं.

"जिम्नॅस्टिक्सला. अध्यक्षांनी उत्तेजन द्यायचं आहे, तू ऐकलंस. आणि उल्का कुठेही जाणार नाही, तिच्याशिवाय आम्हाला शिकवणार कोण? माडीवरची खिडकी गार वारा आत घेते, ती उद्या दुरुस्त कर."

दुसऱ्या दिवशी खिडकी दुरुस्त झाली, आणि संध्याकाळी कोळशाची बादलीही आपोआप वर आली.

वसंतात बर्फ वितळलं तेव्हा दर गुरुवारी गावात जिम्नॅस्टिक्स होऊ लागलं. आधी पाच बायका होत्या, मग अकरा झाल्या. मे महिन्यात शेजारच्या गावातून आणखी अकरा आल्या, त्यात त्या दाराएवढ्या गोलकीपरची बायको होती आणि ती त्याच्यापेक्षा बरा गोल राखत होती. शिट्टी बॉयर्लेबाईंकडे होती. उल्का साडीचा काचा मारून मधल्या फळीत धावत होती, आणि श्रीनाथ गोलामागे उभा राहून लांब गेलेले चेंडू हातात घेऊन येत होता. त्याला फार वेळ लागायचा.

अशाच एका गुरुवारी कुंपणाशी मोपेड येऊन थांबली. हेर क्नॉडलर उतरले. उल्काने त्यांना पाहिलं, पण खेळ थांबवावा तर चोरी कबूल केल्यासारखं होईल, म्हणून कुणीच थांबलं नाही. क्नॉडलर शेवटपर्यंत उभे राहिले. शेवटची शिट्टी झाल्यावर त्यांनी उल्काला जवळ बोलावलं.

"जिम्नॅस्टिक्स व्यवस्थित चाललंय," ते म्हणाले. "मी तसं कळवतो." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मला पोचायला उशीर झाला. किती-किती?"

"तीन-दोन," उल्का म्हणाली. "आमचे तीन."

क्नॉडलर मोपेडवर बसले, निघाले, आणि चार हातांवर जाऊन परत थांबले. त्यांच्या सज्जन चेहऱ्यावर खरंखुरं दुःख होतं.

"तिसरा ऑफसाइड होता," ते म्हणाले. "पण जिम्नॅस्टिक्समध्ये ऑफसाइड नसतो. मला काहीच करता येत नाही."

मोपेड वळणाआड गेली तरी उल्का त्या दिशेने बघत उभी होती. या संघटनेच्या नजरेतून काहीही सुटत नाही, हे तिला पुन्हा एकदा पटलं होतं. तो गोल तिनेच मारला होता, आणि तो खरंच ऑफसाइड होता.