पिठात पुरलेला फोन

"पहिल्या तीन ओळींत वाचकाची मानगूट धरायची," असं नैरोबीहून संपादक मुतिसोसाहेबांनी अपोंडीला बजावलं होतं. फोन-संगणकांवरच्या तिच्या लेखांना आजवर कोणी भीक घातली नव्हती आणि हाही कोणी वाचला नाही, तर तिची नोकरी जाणार होती. विषय होता पाण्यात पडलेल्या फोनचा.

म्हणून तिने किसुमूत घराजवळच राहणाऱ्या आपल्या डॉर्सिला आत्यालाच लेखाच्या तोंडाशी बसवलं. आत्याचा फोन मासळीच्या कालवणात पडला, तिने तो धुऊन उगाली घाटायच्या मक्याच्या पिठात पुरला आणि निर्धास्त झोपली, अशी झोकात सुरुवात केली. पीठ नाकातोंडात जाऊन फोन कायमचा गेला, हे चौथ्या परिच्छेदात होतं. आत्या मात्र आजवर सगळ्यांना फोन चोरीला गेल्याचं सांगत आली होती.

आत्याच्या बचत गटातल्या मासेवाल्या बायकांनी लेख एकमेकींना पाठवला. दुसऱ्या दिवशी सरोवराच्या काठाशी मासळीच्या होड्या आल्या. एरवी फोन काठावर ठेवून पाण्यात शिरणाऱ्या बायका त्या दिवशी फोन कमरेला खोचूनच शिरल्या. भिजला तर काय करायचं, हे आता माहीत होतं ना. ताज्या मासळीसाठी रेटारेटी झाली, फोन पटापट सरोवरात पडले आणि तिथून घरोघरच्या पिठाच्या डब्यात गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी अख्खा गट अपोंडीच्या दारात उभा राहिला.

"लेखावर तुझंच नाव आहे ना?" रोझलिदाकाकूने पांढराफटक फोन तिच्या नाकासमोर धरला. "मग सांग, याची आता उगाली घाटू का?"

"काकू, असं करू नका म्हणून खाली लिहिलंय की."

"खाली कोण जातंय? आमचं वरच पोट भरलं."

तेवढ्यात आत्या गर्दीतून वाट काढत पुढे आली. "पोरीने सगळं लिहिलंय. तुम्हीच अर्ध्यावर उठलात. मी हिच्याच फोनवर शेवटपर्यंत वाचलंय."

"तुझं नाव होतं म्हणून."

"हो, नाव होतं म्हणून. बसा आता. अपोंडी, तुझा फोन आण आणि चहा टाक."

आत्या मोठ्याने वाचू लागली. दर ओळीला कोणीतरी हुज्जत घाली, मग ती ओळ पुन्हा वाचावी लागे. चौथा परिच्छेद आला तशी आत्याने घसा खाकरला आणि आपल्या फोनचं मरण जसंच्या तसं वाचून दाखवलं.

"म्हणजे चोर पिठात होता होय," रोझलिदाकाकू म्हणाली आणि सगळ्या हसून लोळल्या. पुढचं त्यांनी निमूट ऐकलं: फोन बंद करा, पुसा, दुरुस्तीवाल्याकडे न्या. मग उठून सगळ्या ओचोलाच्या दुरुस्तीच्या टपरीकडे निघाल्या.

आपलं लिहिणं कोणी शेवटपर्यंत ऐकताना अपोंडीने प्रथमच पाहिलं होतं. तिला भरून आलं. "आत्या, तुझे उपकार कसे फेडू गं?"

"पुढच्या वेळी माझा फोटो टाक," आत्या म्हणाली.

संध्याकाळी मुतिसोसाहेबांचा फोन आला. "लेख उघडला पुष्कळांनी, पण शेवटपर्यंत वाचला फक्त एकाने, एकाच फोनवरून."

नोकरी गेली, असं अपोंडीने धरूनच टाकलं.

"पण तो पठ्ठ्या दीड तास तिथेच होता. आपल्याकडे दोन मिनिटं कोणी टिकत नाही. पुढचे लेख त्याच्यासाठीच लिहायचे, कळलं? ओळखीचा आहे का तुझ्या?"

अपोंडीने अंगणातल्या रिकाम्या कपांच्या ढिगाकडे पाहिलं. "आहे, साहेब."

"मग त्याला माझे आभार सांग."

"सांगते," अपोंडी म्हणाली. "फक्त त्यासाठी सबंध मासळीबाजार फिरावा लागेल."